उंबरठ्याच्या आत

अक्विलेइया, सप्टेंबरचा आरंभ

चि. पेतुस यास वेत्तियाताईचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील तर आनंद आहे. मीही खुशाल आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते.

साबिदिउस परत आला. पुन्हा वाच, हात चुकलेला नाही. डॅन्यूबपलीकडच्या टोळ्यांनी लोकरीच्या गाड्यांसकट धरून नेलेला, ज्याच्यासाठी मी काळं नेसले तो माझा पहिला नवरा काल बाजारात उभा होता. पुढचे दात नाहीत, एक कान नाही. मासेवालीने ओळखलं. शेजारची पोम्पुल्ला म्हणाली, ज्याच्या नावाने रडून झालं तो माणूस दारातून घेऊ नये, छपरातून उतरवावा. तो म्हणाला म्हणे, बाई, आधी दार कुणाचं ते तरी सांगा.

दार ओप्पिउसचं आहे. तुम्हीच सगळ्यांनी मला त्याच्या घरात दिलंत, आणि मी तिथे सुखात आहे हे लपवत नाही. आमचा गायुस अजून अंगावर पितो. चिमणी आठ वर्षांची झाली. साबिदिउसला नेलं तेव्हा ती पोटात होती. रोममध्ये वकिलांच्या मागे फिरून तू डोक्यावरचे केस घालवलेस, त्याचा आज उपयोग कर. मी कुणाची बायको? मुलं कुणाची? उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी ताई

रोम, सप्टेंबरअखेर

ति. ताईस पेतुसचा सा. न. केस गेले ते रोमच्या पाण्याने, कायद्याने नव्हे.

ताई, हे गोड करून लिहिता येत नाही. आपल्या कायद्यात याला पोस्टलिमिनियम म्हणतात, म्हणजे उंबरठ्याच्या आत परतणं. शत्रूने नेलेला माणूस सीमेच्या आत आला, की तो कधी गेलाच नव्हता असं धरायचं. शेत त्याचं, नाव त्याचं, लेकरांवरचा बापाचा अधिकार त्याचा. त्याने चिमणीला मागितलं तर द्यावं लागेल.

आपोआप परत येत नाही ते फक्त लग्न. ते त्याला नेलं त्याच दिवशी सुटलं. पुन्हा जुळायचं तर तुझी राजीखुशी हवी. तू ओप्पिउसचीच बायको आहेस, तुला कुणी ओढून नेणार नाही. पण तू होऊन साबिदिउसकडे गेलीस, तर गायुस ओप्पिउसकडेच राहील. मूल बापाचं. मी आमच्या गुरुजींना विचारलं, यात आईचं काय? ते म्हणाले, तिची राजीखुशी विचारली आहे की. म्हातारा वाईट नाही गं. आपण उत्तर दिलं असंच त्याला वाटलं.

या वेड्या भावावर रागावू नकोस.

पेतुस

अक्विलेइया, नोव्हेंबर

चि. पेतुस, आशीर्वाद.

तो आला होता. ओप्पिउसने स्वतः त्याला द्राक्षमद्य दिलं आणि अंगणात निघून गेला. साबिदिउसने एकदाच विचारलं, येतेस का? आतून गायुस रडत होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बाजारात कुणी नजरेला नजर देईना, तेव्हाच कळलं होतं.

मग मी त्याचे पाय धरले. म्हटलं, चिमणीला राहू दे. तो खाली बसला. म्हणाला, वेत्तिया, जोखडाला बांधून माझ्याकडून नांगर ओढून घेत होते, तेव्हा तुझ्या पोटातलं मूल मी डोळ्यांसमोर धरून होतो. मुलगा की मुलगी तेही ठाऊक नव्हतं. शेत मिळालं, आता त्या घरात जेवायला कुणाला बसवू? मी त्याचे पाय सोडले.

ऑलिव्ह उतरवून झाल्यावर तो गाडी घेऊन आला. चिमणी विणायच्या मागाआड लपली होती. तो तिला हाक मारीना, नुसता वाट बघत राहिला. शेवटी मीच तिला हाताला धरून बाहेर आणलं. गाडीत बसताना तिने विचारलं, आई, मी काय केलं?

पुढचं लिहवत नाही.

ताई

रोम, डिसेंबर

ति. ताई, सा. न. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. एक वाट आहे. बाप दुष्ट ठरला, तर न्यायाधीश मुलीला आईजवळ ठेवू शकतो. तो मारतो, उपाशी ठेवतो, असं काही सांगणारा एखादा साक्षीदार मिळाला तरी पुरे. कसा मिळवायचा ते मी बघतो. फक्त हो म्हण.

पेतुस

अक्विलेइया, मार्च

चि. पेतुस, आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. तुझं हो माझ्या जिभेवर होतं, खोटं बोलत नाही. तेवढ्यात सणासाठी तो स्वतःच चिमणीला चार दिवस घेऊन आला आणि दारातूनच परत गेला.

मी तिचं अंग धुताना डाग शोधले, पेतुस. आईने शोधावेत तसे नव्हे, साक्षीदाराने शोधावेत तसे. एकही नव्हता. अंगावर मांस आलंय. केस विंचरलेले, वेणी वेडीवाकडी, पुरुषाच्या हातची. बाबा झोपेत ओरडतात, मग मी त्यांना हलवून उठवते, म्हणाली. तो दुष्ट नाही रे. माझं दुखणं तेच आहे. साक्षीदार शोधू नकोस.

संध्याकाळी मी मसूर शिजवत होते. ती चुलीजवळ उभी राहिली आणि पाहुणी बोलते तशी हळूच म्हणाली, आमच्याकडे यात जिरं घालतात.

मी म्हटलं, घालू हं.

पेतुस, तुझी माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई