लेकीची पोटगी बंद होऊ नये म्हणून

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

(आमचा संसार मोडला तेव्हा यापुढे तुम्हाला काय म्हणायचं हे कोर्टानं काही लिहून दिलं नव्हतं, म्हणून वन्संच म्हणते. आणि फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.) गुडघे कसे आहेत? नवी कवळी खालच्या बाजूला टोचते म्हणालात, पण ती घरी कानशीनं घासू नका. मागच्या खेपेला घासून तुम्ही तिची काय दशा केलीत ते आमच्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायला शिकणाऱ्या नव्या मुलींना अजून दाखवतात.

तुमची भाची, म्हणजे आमची मिरची, अठरा वर्षांची झाली, बारावीही संपली, आणि तिनं जाहीर केलं की शिक्षण पुरे, मी कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागते. काम पहाटेचं. (शाळेसाठी ही मुलगी दहा हाका मारल्याशिवाय कधी उठली नाही.) मी अबोला धरला. मग तिनं स्वतः भाजलेला पाव आणला, तो मी खाल्ला आणि अबोला सुटला. पाव खरंच चांगला होता. पण तुमचे बंधू ऐकून पांढरे पडले. कोर्टाचा हुकूम असा, की मुलगी अठराची होईपर्यंत त्यांनी पैसे द्यायचे, पुढे ती पूर्णवेळ शिकत असली तर शिक्षण संपेपर्यंत, आणि नोकरीला लागली की बंद. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. तुम्हाला माहीत आहे, ते पैसे नेहमी पहिल्या तारखेला स्वतः आणून देतात. बँकेवर भरवसा नाही म्हणतात (पगार तिथेच जमा होतो). दारात चपलांपाशी उभं राहायचं, पैसे मिरचीच्या हातात द्यायचे, कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली ते सांगायचं, तिचे मार्क विचारायचे आणि निघायचं. बसा म्हटलं की कामावर जायचंय म्हणायचे.

तर मग हे (म्हणजे तुमचे बंधू, जुनी सवय) माहितीपत्रकं घेऊन येऊ लागले. मधमाशा पाळणं, ग्रंथालय चालवणं, काच फुंकून भांडी करणं. मिरची म्हणाली, "बाबा, मला पावच करायचाय." तेव्हा त्यांनी पाव करायला शिकवणारा संध्याकाळचा वर्ग शोधला आणि तो शिक्षणात धरा म्हणून पोटगीच्या ऑफिसात निघाले. मिरचीनं मला सोबत धाडलं, नाहीतर बाबांना बाहेर काढतील म्हणाली.

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले. "मुलगी कमावती झाली. तुमचे हप्ते संपले."

"तीच तर माझी तक्रार आहे," हे म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पैसे कमी पडतात का?"

"नाही."

"संध्याकाळचा वर्ग चालत नाही, साहेब. पूर्णवेळच लागतो. एवढं वाटतं तर स्वखुशीनं देत चला."

"ही घेणार नाही," ते म्हणाले. (खरंच आहे. मी कशी घेईन?) मग खिडकीवर थोडं वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पण मग पहिल्या तारखेला मी काय करू?"

बाईंनी कागद परत सरकवले. वन्सं, मी दिवसभर लोकांचे जबडे बघते. दात आवळून धरलेला माणूस मला पाठमोरा असला तरी ओळखू येतो. ऑफिसातून आम्ही जिन्यानं उतरलो (स्वतः लिफ्ट दुरुस्त करतात आणि चढत नाहीत, म्हणतात मला आतलं माहीत आहे), तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "खोकला दिसतोय, औषध घ्या." मनात खूप होतं, बाहेर एवढंच आलं. ते "घेतो" म्हणाले आणि गेले.

या पहिल्या तारखेला कुणी आलं नाही. मिरची कामावर होती. दारापाशी मी दोनदा झाडलं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना जपा.

तुमची,
(अजूनही) वहिनी

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठी, की तुम्ही त्यांना फोन करून सांगा, पहिल्या तारखेला रिकाम्या हातानं आलं तरी चालेल. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. भाचीला वाटतं म्हणा. तिला विचारायला जाऊ नका, ती खरं बोलते.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. बंधू आलेत. "सहज आलो," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मिरची अजून आली नाही असं सांगितलं, तरी उठले नाहीत. तेव्हा फोनचं राहू द्या. हे मी ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. त्यांना चहात पूर्वी दोन चमचे साखर लागायची. अजून तेवढीच लागते की कमी केली, हे बाहेर जाऊन विचारायचा धीर होत नाही. तूर्त दोन घातलेत. पत्र मिळेपर्यंत हा चहा पिऊन झालेला असेल, तरी कळवा. पुढच्या वेळेला उपयोगी पडेल.