डोंगरावरून आलेला धूर

लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
१४ मे

तीर्थरूप बाबांना वृंदाचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुमच्या नातवाला जरा दम लागला होता, पण मशीनची वाफ दिल्यावर आर्यन आता खेळतोय. आईला सांगू नका हं. तिचे गुडघे कसे आहेत?

परवा इथे भर दुपारी संध्याकाळ झाली. सूर्य लालसर आणि इतका मंद, की सरळ बघता येत होतं. कावळेसुद्धा गप्प होते. घरभर धूप जाळल्यासारखा वास, आणि मी तर उदबत्तीही लावली नव्हती.

शेजारच्या नेगी आजी गढवालच्या. दारातच थबकल्या. "ये चीड़ का धुआँ है, बहू. हमारे जंगल जल रहे हैं."

चीड म्हणजे तिकडच्या डोंगरांवरचे पाइन. इतक्या लांबून, बाबा! तिकडे त्यांची बहीण एकटी असते. फोन नुसताच वाजत राहिला.

काल कळलं, बहीण सुखरूप आहे, तिला शाळेत हलवलंय. घरामागचं जंगल मात्र उरलं नाही.

हे सांगायला आजी आल्या आणि त्यांनी आमची खिडकी उघडली. मी बंद करायला धावले, तर म्हणाल्या, "थोड़ी देर रहने दो. मायके की हवा है."

मी आर्यनला आतल्या खोलीत नेलं, दाराच्या फटीत ओला टॉवेल लावला. खिडकी तशीच ठेवली. आजी गज धरून, खोकत खोकत, तो धूर छातीत भरून घेत होत्या.

दोघंही तब्येतीला जपा.

तुमची,
वृंदा