अण्णांच्या अॅम्प्लिफायरवर नारळ

२४ ऑक्टो. ७४, खंडेनवमी
दादाने अण्णांच्या अॅम्प्लिफायरवरच नारळ फोडला! उंबरा नाही, दगड नाही, थेट पेटीच्या कोपऱ्यावर. पाणी वरच्या भोकांतून आत. ओरडलो तर म्हणतो, "देवाचं पाणी हाय, त्येनं काय हुतंय?" बजावलं : उन्हात वाळू दे, तोवर बटणाला हात लावू नको.

२५ ऑक्टो., दसरा
लावलाच. मी शेजारी सोनं द्यायला गेलो तेवढ्यात. म्हणे सणाला लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानात गाणं नको? जळका वास गल्लीच्या तोंडाशी आला. आवाज कर्ण्याला पोचवणारा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. अण्णांनी स्वतः तार गुंडाळून केलेला. अण्णा गेल्यावर बापाच्या हातचं एवढंच उरलं होतं. दादाशी बोलणं बंद.

२ नोव्हें.
दादा : "भंगारात घाल. ट्रान्झिस्टरचा नवा आणू." तुळशीच्या लग्नानंतर करमाळ्याचं काम आहे. तोवर वाजला नाही तर भंगारवाला. जाळायचं ह्याने, वर तोंड करून मुदत द्यायची मला!

९ नोव्हें.
जळकी तार उलगडली. आतले थर अजून चकचकीत. अण्णांचा एक फेरा दुसऱ्यावर चढलेला नाही. रडू आलं. मग परत राग.

२० नोव्हें.
नवी तार. फेरे मोजत होतो, वहिनी दारात. "भावजी, च्या निवतुय की." आकडा गेला! सगळं सोडून पहिल्यापासून. खेकसलो तिच्यावर. ती म्हणाली, "त्या पेटीपरीस तुमी दोगं भाऊच लई तापताय." चहा गारच प्यायलो.

३० नोव्हें.
लावला. व्हॉल्व्ह लाल झाले, कर्णा बोलला. तोच भरदार आवाज. दादा आतून येऊन उभा राहिला. "अण्णांचाच हाय," एवढंच. मी हसलो त्याच्याकडे बघून. उगाच हसलो.

१ डिसें.
करमाळ्याचा टेम्पो दारात, आणि दादा नारळ घेऊन हजर! "पैल्या कामाला निघालाय, फोडल्याबिगर गाडीत चढायचा न्हाय."
"उंबऱ्यावर फोड."
"अण्णा ह्येच्यावरच फोडायचे."
"खोटं!" पेटीवर आडवा पडलो.
"सरक, न्हायतर तुज्या टाळक्यावर फोडीन."
"फोड."
वहिनी आतून ओरडली, "मामंजी फोडायचे, पर वर घोंगडी टाकून! दोगंबी इसरला व्हय?"
खरंच, काळी घोंगडी. त्याला नारळ तेवढा आठवला, मला तोही नाही.
दादा म्हणाला, "घोंगडी कुटं हाय मग?"
ती अण्णांच्या अंगावर घालूनच त्यांना स्मशानात नेलं होतं.
आता तो समोर स्टुलावर बसलाय, नारळ मांडीवर. मी पेटीला टेकून हे लिहितोय. हातातला नारळ तो खाली ठेवत नाही, मी उठत नाही. टेम्पोवाला हॉर्न देतोय.