सुई तुझ्या नावाची

इन्साफ,

सलाम नंतर, आधी जाब दे. दोन वर्षं माझी बुसैना रक्त येईस्तोवर हात धुतेय. आणि तू माझ्याच ओट्यावर बसून नजर उतरवायला कागदाची बाहुली कापलीस, एकेका शेजारणीचं नाव घेऊन तिला सुया टोचल्यास! एक सुई तुझ्या नावाची हवी होती.

काल तुझी वफाच म्हणाली, "मावशी, मलाही हेच होतं. मिन्या शहरातल्या डॉक्टरणीने बरं केलं. दाराची कडी धरायची आणि हात न धुता थांबायचं, दर आठवड्याला जरा जास्त वेळ. कुणाला सांगू नको म्हणाली आई, लग्न जमणार नाही."

लग्न! आणि माझ्या पोरीची शाळा सुटली, तिचं काय गं?

तुला वाचता येत नाही. पत्र धाडलं तर तुझा नवरा वाचणार, आणि त्याला तू वफाला दात दाखवायला नेते म्हणून सांगितलंस. म्हणजे तुझं पाप आता मीही झाकायचं. हे पत्र पिठाच्या डब्यातच राहील.

रविवारी बुसैनाला त्याच डॉक्टरणीकडे नेतेय. नुसती माझ्याबरोबर यायला ती घाबरते. वफाला सोबत धाडतेस की नाही? शुक्रवारी नमाजाआधी तुझ्या दारात येते, तेव्हा तोंडावर सांग.

तुझी थोरली,
नजात