शिरढोणच्या रस्त्यावरच्या एकोणीस हरकती

पनवेल,
शुक्रवार, दुपारी
(सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत टपालपेटी गाठायची आहे, म्हणून अक्षराला हसू नये.)

तीर्थरूप रोझीताईस,

धाकट्या एलिजाचा शालोम, आणि आईने लावलेल्या शिस्तीप्रमाणे वाकून नमस्कारही. तू इस्रायलला, अश्दोदला गेल्यापासून एका शब्दात दोन्ही उरकतेस, पण आम्हा मागे राहिलेल्यांना अजून दोन्ही लागतात. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलं आहे, म्हणजे तू चढतच असशील. माझी साखर होती तिथेच आहे. आमचे डॉक्टर गोड बंद करायला सांगतात आणि स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याचे पेढेही तेच पाठवतात, तेव्हा त्यातलं काय मानायचं हे मी दररोज सकाळी नव्याने ठरवतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी "हो ताई" म्हणतो, ही आपली बहात्तर वर्षांची वहिवाट. त्याच वहिवाटीत गेल्या महिन्यात तू मला कायमचं तिकडे राहायला यायला सांगितलंस आणि मी "हो ताई" म्हणून बसलो. आठ दिवसांत तुझा फॉर्म आला. (एवढ्या लवकर इकडे कुरिअर पनवेलहून पनवेलला येत नाही.) तो जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली ठेवला आहे. महिनाअखेरपर्यंत सही करून पाठव, हे तू मला तीनदा बजावलंस. पाठवतो. त्याबद्दल शेवटी लिहितोच, पण त्याआधी तुझ्या नातवाने माझ्या डोक्याचा काय भुगा केला आहे तो ऐक, कारण घरात तो तुला काही सांगत नसणार.

नोम कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो हे तुला माहीत असेल. त्यात शहर वसवायचं असतं. रस्ते काढा, पाण्याच्या नळ्या टाका, शाळा बांधा, आणि मग लोक आपोआप राहायला येतात. (कुठून येतात ते मी विचारलं. तो म्हणाला, नकाशाच्या बाहेरून. मला हे पटलं, पनवेलातही तसेच येतात.) इथवर समजलं. पुढे असं की खेळ बनवणाऱ्या कंपनीचे रस्ते काही खेळाडूंना पसंत पडत नाहीत, म्हणून ते घरी बसून, कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःचे रस्ते बनवतात आणि जगभरच्या लोकांना वापरायला देतात. त्याला मॉड म्हणतात. मी विचारलं, कंपनी रागावत नाही का? उलट खूष होते म्हणाला. ताई, मी उद्या पहार घेऊन जाऊन पळस्पे फाट्याचा दुभाजक माझ्या आवडीने हलवला, तर माझ्यावर कोण खूष होईल? मी हे त्याला विचारलं तर तो खूप हसला आणि म्हणाला, "मामाआजोबा, तुमी फार चांगला प्रश्न केला."

तर तुझ्या नातवाने आपला पनवेलचा हायवे बनवला आहे. हिरव्या पाट्यांवर मराठी अक्षरं, दुभाजकात कण्हेर, सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने येणारी रिक्षा, सगळं. जन्मात इकडे पाऊल न टाकलेल्या पोराने. आकाशातून काढलेले फोटो आणि तुझ्या गप्पा, एवढ्या भांडवलावर. (तू त्याला शिरढोणच्या वळणावर चिंचेची रांग आहे असं सांगितलंस. ती तू गेलीस त्याच सुमारास तुटली. मी त्याला ते सांगितलेलं नाही.) वरच्या मजल्यावरची रुचिरा घरी बसून कॉम्प्युटरची नोकरी करते. तिने आपला जुना कॉम्प्युटर मला आणून दिला, त्यात तो खेळ घातला, आणि मी आपलाच तालुका पडद्यावर वरून पाहत बसलो. माझं घरही दिसलं. गच्चीवर पाण्याची टाकी नव्हती, ती कळवून मी बसवून घेतली.

इथे माझी पहिली चूक झाली. आकाशातून दुभाजकाची उंची कळत नाही, सर्व्हिस रोडची रुंदी नेमकी कळत नाही, म्हणून नोमने मला ती मोजून पाठवायला सांगितली. मी टोपी घातली, कापडी टेप आणि वही घेतली आणि बसने शिरढोणला उतरलो. आता, ताई, तू इथून फार लवकर गेलीस म्हणून सांगतो. आपल्या तालुक्यात माणसाने दारू पिऊन रस्त्यात लोळावं, पण टेप घेऊन रस्त्याकडेला वाकू नये. पाच मिनिटांत माझ्याभोवती पंचवीस माणसं. पुढे काळूराम नावाचा गृहस्थ, माझ्याच वयाचा, पांढरी पँट, पायात मात्र गमबूट. "मोजनी कसली हाय?" मी म्हटलं, काही नाही, सहज मोजतोय. हे म्हणायला नको होतं. गेल्या चाळीस वर्षांत या गावांत जो जो माणूस "काही नाही, सहज मोजतोय" म्हणाला, त्याच्या मागून बुलडोझर आलेला आहे. मग मी खरं सांगितलं, की हा खेळातला रस्ता आहे आणि माझ्या बहिणीचा नातू तिकडे इस्रायलमध्ये बसून तो बनवतो आहे. ते ऐकल्यावर तर सगळे एकदम गंभीर झाले. काळूराम मागे वळून म्हणाला, "परदेशी लोकांना दिलंय काम. मंजे आता व्हनारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतले सातजण, काळूराम पुढे, पत्ता शोधत माझ्या दारात. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, ती प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी, पाहून ही कुठल्या तरी खात्याची खूण असणार, अशी त्यांची खात्री पटली. हातात लेखी हरकत होती: नवा रस्ता आमच्या बापदेवाच्या देवळावरून जाणार असे दिसते, तरी तो वळवावा. आणि इथे माझी दुसरी चूक झाली, जी खरी चूक. मी एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली. (कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.) कोणी समोर अर्ज धरला की माझा हात आपोआप चालतो. मी तो घेतला, कोपऱ्यात क्रमांक एक घातला, तारीख टाकली आणि सहीनिशी पोच दिली. पोच हातात पडल्यावर मग मी लाख सांगितलं की हे खोटं आहे, तरी कोण ऐकणार?

म्हटलं, निदान डोळ्यांनी बघू दे. काळूरामला कॉम्प्युटरसमोर बसवलं. खेळातल्या गाड्या तुंबतात म्हणून नोमने रस्ता खऱ्यापेक्षा दोन गाड्यांनी रुंद केला आहे, तो बरोबर देवळाच्या डोक्यावरून गेलेला. काळूरामने आपली विहीर ओळखली, चुलत्याचा गोठा ओळखला आणि मग देवळावरच्या डांबरावर बोट ठेवलं. मला राहवलं नाही. मी अर्जाचा फोटो नोमला पाठवला. नोमने विचारलं, किती मीटर? काळूराम म्हणाला, चाळीस तरी. दहा मिनिटांत, ताई, आमच्या डोळ्यांसमोर रस्ता देवळाला वळसा घालून निघून गेला.

काळूराम खुर्चीतून उठला आणि अनवाणी उभं राहून त्याने पडद्याला हात जोडले. मग डोळे पुसत म्हणाला, "आमचे आज्याचे टायमापासून अर्ज करतो आमी. ह्यो पयला मंजूर झाला." एकतीस वर्षांत मी हजारो हरकती आत घेतल्या आणि पुढे धाडल्या. त्यातली एकही परत येऊन "तुमचं म्हणणं बरोबर आहे" असं म्हणाली नव्हती. आता ही म्हणाली, तर ती खेळातली. याचा आनंद मानायचा की लाज, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर रीघच लागली. आज एकोणीस हरकती दाखल आहेत आणि एकोणीसही मंजूर. गुरांना खालून वाट, थांब्यावर सावली, एका ठिकाणी दोन भावांच्या शेतांच्या बरोबर मधून रस्ता न्यावा अशी दोघांचीही वेगवेगळी विनंती (मधे रस्ता आला की तोंड बघायला नको). भामा नावाची बाई भाजीची पाटी घेऊन रोज तो हायवे ओलांडते. तिने पादचारी पूल मागितला. नोमने जिन्यासकट दिला, वर दिवेही लावले. दोन दिवसांनी ती परत आली. "झाला म्हनता ना? मी जाऊन बघितला, तिथं तर काय नाय." मी तिला पुन्हा पडद्यावर दाखवला. त्यावरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन जात होती, ती नोमने मुद्दाम घातली होती. भामा पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "ती तरी सुखरूप गेली." मी चहा टाकला.

आणखी एक घोटाळा. हा मॉड म्हणे अकरा हजार लोकांनी घेतला आहे. म्हणजे या क्षणी ब्राझीलमध्ये आणि कोरियात कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर बापदेवाचं देऊळ उभं आहे आणि गाड्या त्याला वळसा घालून चालल्या आहेत. एकाने खाली लिहिलं होतं, की सरळ रस्ता इथे विनाकारण का वाकला? रुचिराने ते वाचून दाखवलं. काळूरामला प्रश्नच कळेना. विनाकारण कसा? त्याने उत्तर सांगितलं, रुचिराने इंग्रजीत लिहिलं: "तिथे देव आहे." त्याखाली तीनशे लोकांनी अंगठे दिले आहेत. हे तिकडचे लोक नक्की कशाला हो म्हणाले, ते तू नोमला विचारून मला कळव.

असो. पत्र लांबलं. तुझ्या फॉर्मविषयी एवढंच, की तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. इथे एकट्याने राहण्यात अर्थ नाही, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमवायला आता ठाण्याहून फोन करून माणसं बोलवावी लागतात, माझी फ्लोरा जाऊन सहा वर्षं झाली, आणि पडलो-झडलो तर रुचिराच्या नोकरीत व्यत्यय. मी विचार केला आहे. सही केलेला फॉर्म सोबत जोडला आहे. तू जिंकलीस.

सर्वांना आशीर्वाद, नोमला विशेष. गुडघ्याला तेल लाव.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
एलिजा

ता. क. १: फॉर्म सोबत नाही. पाकीट बंद करायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की त्यावर लोणच्याच्या तेलाचा गोल डाग पडला आहे, नेमका सहीच्या जागी. दुसरा पाठवण्याची घाई करू नकोस.

ता. क. २: डाग पुसता येण्यासारखा आहे. बरणी मीच तिथे ठेवली होती.

ता. क. ३: आता जे लिहितो ते फोनवर मला जमलं नसतं. रस्त्याचं असं असतं, की एकीकडे चाळीस मीटर सरकवला की दुसरीकडे तो कुठेतरी सरकतोच. नोमच्या नकाशात एकोणीस हरकती मंजूर होऊन तो शेवटी आपल्या कब्रस्तानावर आला आहे. तिथून हरकत यायची नव्हतीच. परवा पडद्यावर पाहिलं तर फाटकच नाही, तिथे सहा पदरी डांबर. मी नोमला म्हटलं, हे काय रे? तो म्हणाला, काळजी करू नका मामाआजोबा, खेळात कब्रस्तान एका बटणावर रिकामं करता येतं आणि दुसरीकडे नेता येतं. आणि तुमी तर आता इकडेच येणार, मग तिथं जाणार कोण?

पोरगा मनाने चांगला आहे, त्याच्यावर रागावू नकोस. त्याला मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून पुन्हा पुन्हा कॉम्प्युटर लावून मी तेच डांबर बघतो आहे, ताई. मला समजतं की ते खेळातलं आहे. भामालाही समजत होतं.

म्हणून ही विसावी हरकत, माझी, आणि ती तुझ्यामार्फत, कारण तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही. रस्ता मागे घ्यायला सांग. गाड्या तुंबल्या तर तुंबू देत. फाटक होतं तिथे त्याने परत बसवावं, आणि त्याच्यापर्यंत एक साधी वाट द्यावी, एका गाडीपुरती. आत गेल्यावर डावीकडे तिसऱ्या रांगेत फ्लोरा आहे आणि तिच्या शेजारची जागा मोकळी आहे. ती माझी आहे. मी येत नाही, ताई.