माखणोलीची वाट आणि माखणोलकर आडनाव यांबाबत माझी अखेरची इच्छा

मी, श्रीमती नंदा विवेक माखणोलकर, राहणार आयसेलिन, न्यू जर्सी, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. हे लिहावे म्हणून कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र एका माणसाने आणले, त्यांचे नाव पुढे योग्य त्या कलमात येईल.

इथल्या घराचे आणि बँकेचे मृत्युपत्र निराळे आहे. ते ॲटर्नीने इंग्रजीत केले आणि त्यात माझे म्हणावे असे एकही वाक्य नाही. हे मृत्युपत्र भारतातील जमिनीपुरते आणि ज्या गोष्टींची ॲटर्नीला किंमत लावता आली नाही त्यांच्यापुरते आहे.

कलम १. हत्यारे. गॅरेजमधली विवेक यांची सुतारकामाची सगळी हत्यारे शेजारी देवांग यांना द्यावीत. विवेक यांचा हात चालेनासा झाल्यावर देवांग दर शनिवारी येऊन रंध्यांना तेल लावून ठेवत. आम्ही त्यांना तसे सांगितले नव्हते.

कलम २. स्वयंपाकघर. पितळी डबे, पाटा-वरवंटा आणि मोठे पातेले नात नेत्रा हिला. पुरणयंत्र मंडळाच्या चारुताताईंकडे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. माझ्या निधनाची बातमी त्यांना सर्वांबरोबर कळवावी, आधी नको. का, ते कलम ४ वाचल्यावर कळेल.

कलम ३. आडनाव. आडनाव मृत्युपत्राने देता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी ते कुठून आले हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणालाच समजणार नाही.

मी नागपूरची. लग्न होऊन या नावात आले तेव्हा विवेक यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले, की जगात माखणोलकर म्हणून एकच घर आहे आणि ते आपले. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी माखणोली नावाचे लहानसे गाव आहे, तिथे यांचे घराणे खोतांचे. विवेक चौथीपर्यंत गावात शिकले, मग मुंबई, मग हा देश. पुलांचे इंजिनिअर म्हणून त्यांनी इथे नाव कमावले. आडनावाचा त्यांना फार अभिमान. मुलगा अक्षत याने नोकरीत सोयीचे म्हणून 'मॅकन' लावायला सुरुवात केली, तेव्हा बापलेकांचे बोलणे बरेच दिवस बंद होते.

एका हिवाळ्यात आम्ही लंडनला निघालो होतो. बर्फामुळे नेवार्क विमानतळावर सगळी उड्डाणे खोळंबली. काउंटरवरून कोणीतरी आमच्या आडनावाची मोडतोड करत पुकारा केला. आम्ही उठलो, तर समोरच्या रांगेतून पांढऱ्या दाढीचे, लोकरी टोपी घातलेले एक गृहस्थही उठले. काउंटरवर तिघे एकदम पोचलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मला एकच माखणोलकर पाहिजे."

ते गृहस्थ आमच्याकडे वळले. चेहरा असा उजळला, की मला वाटले हे आपल्याला ओळखतात.

"तुमी माखनोलीचं काय? आमी पन थयलंच!"

त्यांचे नाव कासम माखणोलकर. राहणार ब्लॅकबर्न, इंग्लंड. जर्सी सिटीत भाचीच्या लग्नाला आले होते. विमान सुटेपर्यंत वेळच वेळ होता. त्यांनी डबा उघडून आम्हाला खजूर दिले आणि मी विचारले म्हणून सगळे सांगितले. त्यांचे आजोबा बोटीवर आगवाला होते, म्हणजे खाली भट्टीत कोळसा घालायचे. मुंबईच्या गोदीत नाव लिहून घेणाऱ्या कारकुनाने विचारले, कुठला? आजोबा म्हणाले, माखनोलीचा. झाले माखणोलकर. पुढे वडील इंग्लंडच्या बंदरात उतरले ते तिथेच राहिले आणि लँकेशायरच्या कापड गिरणीत लागले. मागोमाग भाऊ, चुलत भाऊ, मेहुणे. आता ब्लॅकबर्नमध्ये माखणोलकरांची एक गल्लीच आहे, प्रेस्टनला काही घरे, लूटनला काही, आणि एक पोरगा ग्लासगोत दाताचा डॉक्टर आहे.

"पण गावात तुम्हाला काय म्हणत?" मी विचारले.

"गावात कोन माखनोलकर म्हननार, वैनी? थय समदेच माखनोलीचे. गाव सुटला की मग ते नाव लागतां."

मला हे फार पटले. पुढे नेत्राला सांगितले, तर ती म्हणाली, "सो आजी, मी सिएटलला मूव्ह झाले तर I'm नेत्रा आयसेलिनकर?" मी म्हटले, हो, अगदी बरोबर. तिने नंतर कॉम्प्युटरवर शोधून दाखवले, की इंग्लंडात माखणोलकर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. आपणच कडेचे.

विवेक यांना मात्र ते पटले नाही. विमानतळावर ते सभ्यपणे गप्प बसले. विमानात बसल्यावर मला म्हणाले, "आडनाव उचललंय यांनी आपलं." मी म्हटले, "कोणी कोणाचं उचललं नाही. तुमच्या आजोबांनाही मुंबईच्या शाळेत मास्तरांनीच लावलं, सासूबाईंनी मला सांगितलंय."

कलम ४. जमीन. माखणोलीतील जमिनीची वाटणी होऊन वरचा भाग धाकटे दीर शंतनू, राहणार पुणे, यांच्याकडे आणि खालचा, खाडीकडचा भाग विवेक यांच्याकडे आला. विवेक यांच्यानंतर तो सात-बाऱ्यावर माझ्या नावे आहे. या खालच्या भागातून एक जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मोहल्ल्यातून कबरस्तानाकडे उतरते. पूर्वापार लोक तिथूनच मयत नेत आले.

लंडनहून परत आल्यावर विवेक यांनी शंतनू भावोजींना फोन केला. मी शेजारीच होते. म्हणाले, "आज नाव लावतायत, उद्या जमिनीवर नाव लावतील. वाट बंद कर." भावोजींनी पाखाडीच्या तोंडाशी साखळदंड लावून कुलूप घातले. त्यांच्या मनात तेव्हापासूनच तिथे रिसॉर्ट आहे आणि रिसॉर्टच्या मधून मयतीची वाट त्यांना नको आहे. मी विरोध केला. दोघांनीही मला सांगितले, की हा माखणोलकरांचा प्रश्न आहे.

काही वर्षांनी विवेक यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. बोलणे परत आले तेव्हा इंग्रजी आले नाही. पुस्तकी मराठीही आली नाही. आली ती लहानपणची, गावची बोली, तीही तुटक. आयुष्यभर इथल्या सभांमध्ये बोललेला माणूस आणि आता त्याचे बोलणे घरात कोणालाच कळेना. अक्षत रोज ऑफिसमधून थेट हॉस्पिटलमध्ये येई आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसे. एकदा मला म्हणाला, "आई, he's talking to me and I don't have the words."

विवेक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत. "बेडं काड. बेडं काड." नर्स बिचारी चांगली होती. तिला वाटे, पेशंट बेडबद्दल बोलतोय. ती पलंग वर करी, खाली करी, डोके उचलून देई. विवेक अधिकच चिडत आणि मग रडत. मी नागपूरची, मलाही तो शब्द माहीत नव्हता. शंतनू भावोजींना फोनवर विचारले. ते म्हणाले, "काही नाही वहिनी, भ्रमात बडबडतात."

मग मी ब्लॅकबर्नला फोन लावला. कासमभाईंशी मी विमानतळानंतर संपर्क ठेवला होता, ईद-दिवाळीला बोलणे होई. मी फोन विवेक यांच्या तोंडाशी धरला. ते म्हणाले, "बेडं काड."

"वैनी," कासमभाई म्हणाले, "बेडं म्हंजे वाटेवरचं फाटक. वाट उघडा म्हनतायत."

त्याच आठवड्यात ते आले. मी बोलावले नव्हते, त्यांनी तिकीट काढले आणि मुलगी नसीम त्यांना घेऊन आली. आमच्या घरी उतरले. दिवसभर हॉस्पिटलमध्ये विवेक यांच्याजवळ बसत आणि दोघे त्या बोलीत बोलत. खाडीतले मासे, शाळेचे मास्तर, कोणाच्या तरी बैलाने मोडलेला गडगा, म्हणजे दगडांचा बांध. विवेक हसलेले मी त्या आजारात तेव्हाच पाहिले. याच दिवसांत चारुताताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "अगं, यांना घरात ठेवलंस? देवघर असताना?" त्यावर मी काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

एकदा विवेक यांनी कासमभाईंचे मनगट धरून पुन्हा तेच म्हटले. मला वाटले, हे आता समजुतीखातर सांगतील, काढले म्हणून. तसे सांगितले असते तर मी दोष दिला नसता. पण ते म्हणाले, "कुलूप हाय, भाऊ. चावी तुमच्या भावाकडं हाय." विवेक यांनी फोनकडे बोट केले. मी शंतनू भावोजींना व्हिडिओ लावून दिला. विवेक त्यांना म्हणाले, "शंत्या, बेडं काड." भावोजीही त्याच गावात वाढलेले. त्यांना शब्द कळला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. त्यांनी "दादा, तुम्ही आराम करा" म्हणून फोन बंद केला.

कासमभाई परतले त्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर नसीमने मला सांगितले, की कुलूप लागल्यानंतर कासमभाईंची आई गावी वारली. मयत पाखाडीने नेता आली नाही. खाजणातून, मांडीभर चिखलातून लोकांनी खांदा दिला. कासमभाईंना ब्लॅकबर्नमध्ये हे सगळे फोनवर कळले होते. "म्हणजे इथे येण्याआधी त्यांना माहीत होतं?" मी विचारले. नसीम म्हणाली, "काकू, पहिल्यापासून."

विवेक त्याच महिन्यात गेले. मी अस्थी घेऊन माखणोलीला गेले आणि आधी चिपळूणहून वेल्डिंगवाल्याला सोबत घेतले. जमीन माझ्या पतीची होती, कुलूप मी माझ्या डोळ्यांसमोर कापून घेतले. शंतनू भावोजी वरच्या अंगाला उभे होते. त्यांनी अडवले नाही. एवढेच म्हणाले, "वहिनी, हे कोर्टात टिकणार नाही. तुमच्यामागे मी पुन्हा लावीन."

"म्हणून तर लिहून ठेवणार आहे," मी म्हटले.

तेव्हापासून हे लिहू नये असे त्यांचे फोन येत आहेत. त्यांना उत्तर म्हणून व्यवस्था अशी:

(अ) पाखाडी, तिच्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांसह, माखणोली मोहल्ल्याच्या जमातीला, म्हणजे तिथल्या मुसलमान वस्तीच्या मंडळाला, कायमची द्यावी. तिच्यावर फाटक, साखळी वा पाटी लावण्याचा अधिकार माझ्या कोणत्याही वारसाला राहणार नाही.

(ब) पाखाडी जमातीच्या नावे नोंदवली गेल्यानंतर, आधी नव्हे, उरलेली खालची बाग शंतनू भावोजींना द्यावी. आम्ही इथे असताना तिथली आंब्याची कलमे त्यांनी स्वतः पाणी घालून जगवली. माझा त्यांच्यावर राग आहे, पण आंब्यांवर हक्क त्यांचाच आहे. अक्षतला हे विचारले आहे. तो म्हणाला, "वाट दे आई, बाकी I'm fine."

कासमभाई गेल्या वर्षी वारले. आईशेजारी जागा मिळावी ही त्यांची इच्छा होती, म्हणून नसीमने त्यांना ब्लॅकबर्नहून गावी नेले. मयत पाखाडीने उतरली. नसीमने फोनवर सांगितले, की एक उंचसे, चष्म्याचे गृहस्थ पुण्याच्या गाडीतून आले, लांब उभे राहिले, कोणाशी बोलले नाहीत. लोक पांगल्यावर ते खाली उतरले आणि गडग्याचे निखळलेले दगड उचलून जागेवर बसवू लागले. ते कोण हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही. भावोजींनीही मला अजून सांगितलेले नाही, आणि वरील व्यवस्था मी त्यामुळे बदललेली नाही.

कलम ५. व्यवस्थापक. नात नेत्रा आणि नसीम कासम माखणोलकर या दोघींना मी संयुक्त व्यवस्थापक नेमते. दोघींनी आपसात इंग्रजीत बोलावे. एकीचे मराठी दुसरीला कळत नाही आणि त्यात दोघींचाही दोष नाही.

कलम ६. अक्षत. तू 'मॅकन' लावतोस त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुझ्या बाबांचीही शेवटी नव्हती. तुला त्यांचे शब्द कळत नव्हते, पण तू रोज येऊन बसत होतास. तू निघालास की ते दाराकडे बघत राहात. कासमभाईंना त्यांनी तुझ्याबद्दल जे सांगितले ते मी भाषांतर करून घेतले होते. ते म्हणाले, "माजा सोकरा रोज येतां." माझा मुलगा रोज येतो. हे तुला तोंडाने सांगायला मला जमले नाही, दर वेळी रडू येते, म्हणून या कलमाने देत आहे.

कलम ७. अंत्यविधी. माझ्या अस्थी भारतात नेऊ नयेत. मी जन्माने माखणोलीची नाही आणि नागपुरात आता माझे कोणी उरलेले नाही. रॅरिटन नदीत सोडाव्यात, जिथे आम्ही रविवारी फिरायला जात असू. भटजी मिळाले तर ठीक, नाहीतर अक्षतने त्याला येते त्या भाषेत काहीतरी बोलावे. नंतर सगळ्यांनी ओक ट्री रोडला जाऊन पोटभर जेवावे. उपाशी घरी जाऊ नये.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

लिहून देणार: नंदा विवेक माखणोलकर (सही)

साक्षीदार १: शैलजा परांजपे, आयसेलिन (सही)
साक्षीदार २: नकुल देशकर, एडिसन (सही)

ठिकाण: आयसेलिन, न्यू जर्सी
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२५