सेंसर ठीक होता, बाबा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहायची सवयच नाही मला. शाळा हिंदीत झाली, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती, त्यामुळे कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ हे मला आजही नीट कळत नाही. पण ही गोष्ट मला हिंदीत लिहिता येईना. दोनदा बसले आणि दोनदा कागद फाडला. आपल्यात जे झालं ते मराठीत झालं होतं. तुमच्याशी खोटंही मी मराठीतच बोलले.

मी नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी सोडून घरी आले तेव्हा तुम्हाला फॅक्टरीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं मिलिटरीच्या ट्रकांची इंजिनं तपासलेला माणूस कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या अंगणात बसून शेजाऱ्यांच्या स्कूटर दुरुस्त करत होता. आपण दोघांनी अधारतालला मेन रोडवर गॅरेज टाकायचं ठरवलं, त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर बसलेले आहात आणि मी जुन्या कॅलेंडरच्या मागे चित्र काढून तुम्हाला नव्या गाड्या समजावून सांगतेय. ही फिल्टरची पेटी, हा हवेचा सेंसर, मग हा घड्याघड्यांचा रबरी पाइप, मग इंजिन. सेंसरमध्ये एक बारीक तापलेली तार असते, हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते, आणि किती थंड झाली त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की हवा किती आली आणि पेट्रोल किती सोडायचं. मला वाटलं होतं हे तुम्हाला दोन-तीनदा सांगावं लागेल. तुम्ही बशीतल्या चहावर फुंकर मारली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "म्हणजे ह्या तारेच्या पुढे पाइप फाटला, तर तिथून घुसलेली हवा मोजल्याच जाणार नाही. इंजिन हवा खाईन अन् कॉम्प्युटरला पत्ताच नाही. बरोबर?" मला सर्व्हिस सेंटरमध्ये हे कळायला सहा महिने लागले होते. मी म्हटलं, बरोबर. आई म्हणाली, "झालं का तुमचं? ताट घ्या आता." तुम्ही ते कॅलेंडरचं पान घडी करून खिशात ठेवलं.

हे एवढ्यासाठी लिहून राहिली की नंतर मी लोकांना सांगताना तुम्हाला जुन्या जमान्याचा माणूस करून टाकलं. तसे तुम्ही नव्हता. तुम्ही स्कॅनरलाही नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणायचात, "मशीनला विचार, पण सगळं नको विचारू. आधी बघ, मग उघड. उघडलं की रोग लपतो." गाडी आली की तुम्ही दोन मिनिटं नुसते उभे राहायचात, हात मागे बांधून, मान थोडी कलती करून. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून सांगायचात, बेअरिंग बोलतेय, की टॅपेट. गिऱ्हाईक हसायचे, मग तेच निघालं की गप्प व्हायचे. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा. डिप्लोमा माझा होता, नोकरी मी करून आले होते, आणि लोक विचारायचे, "अंकल कहाँ हैं?"

तो दिवस नोव्हेंबरातला होता. बँकेतले एक साहेब पुण्याहून बदली होऊन नुकतेच आले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की अधारतालला मराठी माणसाचं गॅरेज आहे, म्हणून ते शोधत आले. तुम्ही इतके खूश झालात की गाडी राहिली बाजूला, आधी चहा मागवला. त्यांनी तुम्हाला "काका" म्हटलं. आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीवर ते हसले नाहीत, उलट आपण "का"ऐवजी म्हणतो तो "काहून" शब्द त्यांना फार आवडला. त्यांची तक्रार अशी की सिग्नलवरून निघताना गाडी झटके देते, रेस दाबली तरी उचलत नाही, आणि समोर इंजिनचा दिवा पेटलेला. मी स्कॅनर लावला. हवेचं माप हवं त्यापेक्षा कमी येतंय असं आलं. मी सांगून टाकलं, सेंसर गेला, बदलावा लागेल.

साहेबांनी गाडी आत घेण्यासाठी आधी मागे घेतली आणि मग पुढे आणली, ते तुम्ही दारात उभे राहून पाहिलं होतं. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "बेटा, मागे घेताना बिलकुल साफ चालली गाडी. पुढे येतानाच काहून अडते? सेंसरला काय माहीत गाडी पुढे जाते का मागे? जोर लागला की इंजिन झुकते, पुढे जाताना एकीकडे, मागे जाताना दुसरीकडे. झुकल्यावर काहीतरी उघडून राहिलं. पाइप पाहून घे एकदा."

"पाहिला मी पाइप," मी म्हटलं. पाहिला होता, वरून. हात लावला नव्हता.

"खालून पाहिला? घडीच्या आत?"

साहेब ऐकत होते. चहाचा ग्लास हातात धरून कधी तुमच्याकडे तर कधी माझ्याकडे बघत होते. आणि मी, बाबा, मोठ्याने म्हटलं, "तुमच्या ट्रकांचा जमाना गेला बाबा. आता कान लावून गाड्या दुरुस्त होत नाहीत. तुम्ही बसा तिकडे." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीचा आवाज आला पण माणूस ओळखू येईना, असं. मग खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले, हात काही मळलेले नव्हते, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात. साहेब जाताना तुम्हाला नमस्कार करून गेले. तुम्ही उठून उभे राहिलात.

सेंसर मी बदलला. दिवा विझला, गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारली, बरी वाटली. चौथ्या दिवशी गाडी परत आली, तोच झटका आणि तोच दिवा. त्या दिवशी तुम्ही पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेला होता. मी साहेबांना आत बसवलं, म्हटलं ब्रेक दाबून धरा, पहिला गिअर टाका आणि क्लच थोडा सोडा. मी टॉर्च घेऊन बोनेटखाली वाकले. इंजिन झुकलं आणि पाइपच्या खालच्या घडीत एक काळं तोंड उघडलं, बोटभर लांब. रिव्हर्स टाकायला सांगितलं. तोंड मिटलं. पुन्हा पहिला, उघडलं. पुन्हा रिव्हर्स, मिटलं. मला माहीत नाही मी किती वेळा करायला लावलं. शेवटी साहेबच म्हणाले, "झालं का?" मी पाइप बदलला. मग जुना सेंसर परत लावून पाहिला. ठीक होता. त्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. साहेबांना मी सांगितलं की दोन्ही खराब होते. ते म्हणाले, "तुमचे वडील पाइपच म्हणत होते ना? सांगा त्यांना माझ्याकडून, काका बरोबर होते." मी हो म्हटलं.

संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलं, "ते बँकवाले साहेब आले होते म्हणे आज?" समोरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं असेल. आई वरण वाढत होती. मी खाली बघून म्हटलं, "हो, सहज आले होते. गाडी मस्त चालून राहिली. सेंसरच होता." तुम्ही घास हातातच धरला. मग म्हणालात, "अच्छा." आणि थोड्या वेळाने, "चलो, चांगलं झालं." पुढे काही विचारलं नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही वाद घालाल, मागे-पुढेचं काय म्हणून विचाराल. विचारलं असतं तर मी खरं बोलले असते. असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

त्यानंतर तुम्ही गॅरेजवर येत राहिलात, पण बाकावरच. एखादी गाडी आली की उठायचात, बोनेटजवळ जायचात, मान कलती व्हायची, आणि मग तुम्हीच मागे सरकायचात. "तू पाहून घे. मला आता बरोबर ऐकू येत नाही." पहिल्यांदा मला वाटलं टोमणा आहे. पण टोमणे मारायची तुमची जातच नव्हती. तुम्ही आईला सांगितलं की माझे कान गेले. आईने हट्ट धरला म्हणून मी तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून ओमतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तुम्हाला काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून घंट्या ऐकवल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, "अंकल जी, आपके कान तो जवानों जैसे हैं." तुम्ही हसला नाहीत. परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणालात, "घंटी ऐकू येते बेटा. इंजिन नाही ऐकू येत." माझं तोंड समोर होतं, तुम्हाला दिसत नव्हतं. सांगायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही. हिरवा झाला आणि मी गाडी काढली.

का नाही सांगितलं? आधी लाज होती. मग दिवस जात गेले आणि पाइपपेक्षा खोटं मोठं होत गेलं. आणि एक असंही वाटायचं की घाई काय आहे, बाबा कुठे जातात. जानेवारीत तुम्ही तुमची पेटी उघडली. पाने, फीलर गेज, तो लांब पेचकस, सगळं रॉकेलने पुसून फॅक्टरीतल्या तुमच्या जुन्या जोडीदाराला देऊन आलात. मी विचारलं, "मला का नाही दिलं?" तुम्ही अगदी सरळ म्हणालात, "तुला काय करायचं आहे? तुझ्याजवळ मशीन आहे ना." फेब्रुवारीत एका सकाळी अंगणात दाढी करता करता तुम्ही आईला म्हणालात की छाती भरून आल्यासारखी वाटते. मी रिक्षा आणेपर्यंत संपलं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. तो मी पुसला.

गॅरेज चालू आहे. मी आता कुठल्याही गाडीचा सेंसर काढण्याआधी पाइप हाताने वाकवून बघते, गाडी पुढे-मागे करून बघते. लोक म्हणतात, "दीदी तो मशीन से पहले ही बता देती हैं." मी ते ऐकून घेते. तुमचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की पुढची गोष्ट सांगावी लागेल.

आणि आता हे का लिहिते, ते. मागच्या रविवारी आई आणि मी अंगणात उन्हात मटर सोलत बसलो होतो. आई आता फार बोलत नाही, पण बोलली की मधूनच कुठूनही सुरू करते. म्हणाली, "तुझ्या बाबांनी एकदा मला विचारलं होतं, त्या पुण्यावाल्याच्या गाडीचं. दोन-तीन दिवस त्यांना झोपच नाही. म्हणत, माझा हिशोब चुकत नाही, मागे साफ चालत होती गाडी. खरंच सेंसर असेल काय वं?" मी विचारलं, "मग? तू काय म्हटलं?" आई म्हणाली, "मी म्हटलं, काहीतरीच काय विचारता? आपली पोरगी तुमच्याशी खोटं काहून बोलेल? मग म्हणे, हो, तेही खरंच आहे. मग झोपले बिचारे." एवढं बोलून ती पुढच्या शेंगेकडे वळली. तिच्यासाठी ती चांगली आठवण आहे. तिने तुम्हाला झोप लावून दिली होती.

म्हणजे मी खोटं बोलल्यावरही तुम्हाला तुमच्या कानांवर भरोसा होता. माझा शब्द खरा मानायचा म्हणून तुम्ही तो सोडलात.

मी आईला काही सांगितलं नाही. मटर संपले, मी साली उचलल्या, तिने भात टाकला, आम्ही जेवलो. गॅरेजवर बसून लिहिलेले हे कागदही मी घरी नेणार नाही. आईला अजून चष्म्याने चांगलं वाचता येतं आणि मराठी तर माझ्याहून चांगली येते. पाठवायला तर पत्ता नाहीच.

फक्त एक राहिलं. मघाशी मी लिहिलं की तो पाइप मी परत परत उघड-मीट करून बघत राहिले. तुम्हाला वाटेल की तेव्हा माझ्या मनात तुम्ही होता, की बाबा बरोबर होते. तसं नाही झालं. ते नंतर आलं. ती चीर पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की बरं झालं, आज बाबा इथे नाहीत.